जुने संगणक, जुने गेम : आधी काय वाचवायचे?

फेराइट (धागाकर्ता)

जुना संगणक किंवा जुना गेम-कन्सोल हाती आला की बहुतेकांना दोन गोष्टींची घाई होते : वीज जोडून तो चालतो का हे पाहण्याची, आणि पिवळ्या पडलेल्या पेटीला मूळचा रंग परत आणण्याची. मला हा क्रम पूर्ण उलटा वाटतो. कित्येक दशके पडून राहिलेल्या यंत्रात प्लॅस्टिकची पेटी हा सर्वांत कमी चिंतेचा भाग असतो. ती आणखी दहा वर्षे पिवळी राहिली तरी यंत्राचे काहीही बिघडत नाही. बॅटरी, पॉवर सप्लाय आणि फ्लॉपीवरची माहिती यांचा ऱ्हास मात्र कपाटाच्या बंद दाराआडही चालूच असतो, आणि त्यातले बरेच नुकसान नंतर भरून काढता येत नाही. जे सर्वांत लवकर नासते त्याला सर्वांत आधी हात घालावा, एवढाच माझा मुद्दा आहे. जाणकारांनी भर घालावी आणि जिथे पटत नसेल तिथे तसे स्पष्ट सांगावे.

पहिला मान बॅटरीचा. अमिगा ५०० प्लस, २०००, ३००० आणि ४००० या यंत्रांत, तसेच ३८६ आणि ४८६ प्रोसेसरच्या काळातील असंख्य मदरबोर्डांवर घड्याळ चालू ठेवण्यासाठी निकेल-कॅडमियमची एक छोटी, नळकांडीसारखी बॅटरी थेट बोर्डावर सोल्डर केलेली असते. तिच्यातले द्रव्य म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे तीव्र अल्कली. बॅटरी गळू लागली की आधी तिच्या दोन्ही टोकांशी पांढुरकी भुकटी दिसते, मग आजूबाजूच्या पिनांवर निळसर-हिरवा थर चढतो. खरा घात त्याच्याही पलीकडे होत असतो, कारण हे द्रव्य बोर्डावरच्या हिरव्या लेपाखाली शिरून तांब्याच्या ट्रॅकवरून पुढे सरकत जाते. लेप वरून शाबूत दिसतो, पण खालचा ट्रॅक चमकदार न राहता काळपट झालेला असतो, आणि टोकदार पात्याने हलकेच खरवडले की लेप पापुद्र्यासारखा निघून येतो. असा भाग आढळला तर बॅटरी कापून काढावी, बाधित जागेवर व्हिनेगर लावून अल्कली मारावी, मग स्वच्छ, शक्यतो डिस्टिल्ड पाण्याने आणि शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावे. सुकल्यावर मल्टिमीटर लावून प्रत्येक संशयित ट्रॅक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड आहे ना, हे तपासावे. काळ्या पडलेल्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, त्यामुळे आधी ते घासून उजळ करावे लागते.

बॅटरीच्या जागी सीआर२०३२ हा बटण-सेल बसवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : मूळ परिपथ बॅटरीला चार्ज करण्यासाठी बनवलेला आहे आणि हा सेल चार्ज करण्याजोगा नाही. मध्ये डायोड टाकून उलटा प्रवाह अडवला नाही, तर एक संकट काढून दुसरे बसवल्यासारखे होईल. खरे तर घड्याळाची गरज नसेल तर ती जागा रिकामी ठेवणेच उत्तम.

मॅकिन्टॉशच्या एसई/३० सारख्या जुन्या यंत्रांतील ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी गळते तेव्हा प्रकार उलटा असतो. तिथे आम्ल तयार होते, आणि व्हिनेगरऐवजी खाण्याच्या सोड्याचे पाणी वापरावे लागते. ही बॅटरी फुटली की बोर्डच काय, आतला धातूचा सांगाडाही खाऊन टाकते. म्हणून चालू-बंद काहीही ठरवण्यापूर्वी पेटी उघडावी आणि बॅटरी काढून टाकावी.

त्यानंतर पॉवर सप्लाय. कमोडोर ६४ हा १९८२ चा संगणक आज मोठ्या संख्येने संग्राहकांकडे आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा शत्रू त्याच्याच सोबत येणारा, आतून राळ ओतून बंद केलेला जड अडॅप्टर आहे. त्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर बिघडतो तेव्हा तो गप्प बसत नाही, तर व्होल्टेज वाढवून देतो, आणि मग मेमरीच्या चिपा बळी पडतात. ५ व्होल्टच्या परिपथांसाठी ५.२५ ही सहसा वरची मर्यादा मानली जाते. मीटर त्याच्या पुढे गेला तर तो अडॅप्टर संग्रहात शोभेपुरता ठेवावा आणि यंत्राला नवा द्यावा. आज मोजलेले व्होल्टेज बरोबर आले म्हणून उद्याची हमी मिळत नाही, हेही ओघाने आलेच.

बीबीसी मायक्रो आणि ॲपल टू या संगणकांच्या पॉवर सप्लायमध्ये मुख्य विजेच्या वाटेवर रिफा बनावटीचे, धातूचा मुलामा दिलेल्या कागदाचे फिल्टर कपॅसिटर आढळतात. त्यांच्या पारदर्शक पिवळसर कवचाला केसासारख्या भेगा पडतात, त्यांतून आत दमटपणा शिरतो, आणि वीज जोडल्यावर काही मिनिटांत खोली दुर्गंधी धुराने भरते. यंत्र बहुधा वाचते, पण भेगा दिसत असताना वीज जोडून पाहण्यात काहीही हशील नाही. तिथे एक्स-२ वर्गाचा, प्लॅस्टिक फिल्मचा कपॅसिटर बसवावा.

फ्लॉपी, कॅसेट आणि कार्ट्रिज (कन्सोलमध्ये खुपसायची गेमची डबी) यांविषयी माझ्यापेक्षा अधिक अनुभव असलेले सदस्य येथे आहेत, म्हणून ते त्यांच्यावर सोपवतो.

गंजलेला_बोर्ड

लेख उत्तम आणि क्रमही योग्य, परंतु कपॅसिटरचा विषय फारच थोडक्यात आटोपला आहे. सध्या यंत्र मिळाले की त्यातले सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सरसकट बदलण्याची प्रथा पडली आहे, आणि मी तिच्या विरोधात आहे. कमोडोर ६४ मधील किंवा सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम या संगणकातील पायवाले कपॅसिटर अनेकदा आजही मापात भरतात. सोल्डरिंगचा सराव नसलेल्या हाताने ते काढताना बोर्डाच्या भोकांतील तांब्याचे अस्तर निघून येते आणि चांगल्या यंत्राला नसलेले दुखणे जडते.

ज्यांचे कपॅसिटर बदलायलाच हवेत ती यंत्रे वेगळी आहेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस, बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारे ॲल्युमिनियमचे छोटे कपॅसिटर सर्रास वापरले जाऊ लागले, आणि त्या पिढीतले कपॅसिटर गळतातच. अमिगा ६००, १२०० आणि ४०००, मॅकिन्टॉश एसई/३०, सेगाचा गेम गिअर ही त्यांतली ठळक नावे. गेम गिअरचा आवाज क्षीण होणे किंवा पडदा अंधूक होणे हे बहुतेक वेळा याचेच लक्षण असते. गळती डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळते. सोल्डरिंग आयर्न टेकवले की कुजक्या मासळीसारखा वास येतो. अशा वेळी कपॅसिटर पकडीने पिरगाळून तोडण्याची एक पद्धत चित्रफितींत दाखवली जाते. खालचे पॅड आधीच सैल झाले असतील तर ते त्याबरोबर उखडून येतात, म्हणून दोन्ही बाजूंना एकाच वेळी उष्णता देऊन, अजिबात जोर न लावता उचलणे मला अधिक सुरक्षित वाटते.

टँटलम कपॅसिटरचे वागणे याहून निराळे. १९८१ च्या आयबीएम पीसीत १२ व्होल्टच्या वाटेवरचा एखादा टँटलम आतून शॉर्ट होतो, आणि पॉवर सप्लाय स्वतःचा बचाव करण्यासाठी चालूच होत नाही. पाहणाऱ्याला वाटते की पॉवर सप्लाय मेला. मदरबोर्डाची जोडणी काढून वीजवाटांचा ग्राउंडशी रोध मोजला तर चोर लगेच सापडतो.

पिनक्रमांक_चार

कार्ट्रिजविषयी लिहिते. कार्ट्रिजमध्ये फुंकर मारण्याची सवय एका अख्ख्या पिढीला आहे आणि ती आता सोडून द्यावी. फुंकरीने गेम चालू झाल्यासारखा वाटतो, कारण कार्ट्रिज काढून पुन्हा घातले की संपर्क वेगळ्या जागी जुळतात. फुंकरीतला दमटपणा मात्र पट्ट्यांवर राहून हळूहळू गंज आणतो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने पुसावे. काडी आधी काळी, मग करडी निघते, आणि ती स्वच्छ निघेपर्यंत नव्या काड्या घेत राहावे. खडबडीत खोडरबर किंवा सँडपेपर लावला तर चमक ताबडतोब येते, पण सोन्याचा मुलामाही त्याबरोबर जातो.

निन्टेंडोचा एनईएस, म्हणजे १९८५ मध्ये अमेरिकेत आलेला, पुढून कार्ट्रिज घेणारा कन्सोल, चालू केल्यावर दिवा लुकलुकत राहतो आणि चित्र येत-जात राहते, ही नेहमीची तक्रार आहे. त्याच्या आत आणि कार्ट्रिजच्या आत एक-एक कुलूप-चिप असते. दोघींचा संवाद जुळला नाही तर कन्सोलमधली चिप प्रोसेसरला पुन्हा पुन्हा रीसेट करत राहते. त्यामुळे कार्ट्रिजच्या इतर पिना व्यवस्थित लागत असल्या तरी या संवादाच्या पिना नीट लागल्या नाहीत तर गेम सुरू होत नाही. काही जण कन्सोलमधल्या चिपेची चौथी पिन वेगळी करून हे कुलूपच निष्क्रिय करतात. (माझे सदस्यनाम तिथूनच आले आहे.) तरी आधी ७२ पिनांचा मूळ कनेक्टर काढून पाण्यात उकळावा, पूर्ण सुकवावा आणि परत बसवावा. बाजारात मिळणारे नवे कनेक्टर कित्येकदा कार्ट्रिजला इतके आवळून धरतात की ते बाहेर ओढताना पट्ट्या घासल्या जातात.

कार्ट्रिजमधील बॅटरीही याच यादीत धरावी. एनईएसवरील द लीजंड ऑफ झेल्डा या १९८७ च्या कार्ट्रिजपासून पुढे अनेक गेमांची जतन केलेली प्रगती एका बटण-सेलच्या जोरावर टिकते. सेल संपला की ती गेली, आणि सेल काढला तरी ती गेली. म्हणून आधी कार्ट्रिज-वाचकाने ती फाइल संगणकावर उतरवून घ्यावी, सेल बदलावा आणि मग फाइल परत भरावी. गेम बॉयवरील पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हर यांच्या कार्ट्रिजमध्ये घड्याळही चालत असल्याने त्यांचे सेल लवकर संपतात. नवा सेल घेताना पट्ट्या आधीच जोडलेला घ्यावा; सेलवर थेट सोल्डर करणे धोक्याचे आहे.

काचनळी

प्लॅस्टिकला शेवटचा क्रमांक देण्याला माझा आक्षेप आहे. संग्रह हा पाहण्यासाठीही असतो, आणि मूळ रंगातील यंत्र पाहून ते तयार करणाऱ्यांची दृष्टी जशी कळते तशी ती तपकिरी झालेल्या ठोकळ्यावरून कळत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश यांनी रंग परत आणण्याची पद्धत २००८ पासून हौशी मंडळींमध्ये रूढ आहे आणि ती नीट केली तर चांगले काम देते. मलमासारखे द्रावण फासले तर ते जिथे सुकते तिथे डाग आणि पट्टे उमटतात. त्यापेक्षा संपूर्ण भाग पातळ द्रावणात बुडवून ठेवल्यास रंग एकसारखा येतो. हातमोजे आणि चष्मा मात्र अनिवार्य.

फेराइट

आक्षेपाचा पहिला अर्धा भाग मान्य आहे. तरीही माझा क्रम मी बदलणार नाही, कारण हा उपाय कायमचा नाही. एबीएस प्लॅस्टिकमध्ये आग रोखण्यासाठी मिसळलेल्या ब्रोमिनयुक्त द्रव्यांना या पिवळेपणाचे कारण सामान्यतः मानले जाते, आणि पेरॉक्साइडने ती द्रव्ये निघून जात नाहीत. उजळलेल्या पेट्या काही वर्षांत पुन्हा पिवळ्या पडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, अगदी अंधारात ठेवलेल्यासुद्धा. ज्यांना करायचे त्यांनी जरूर करावे, फक्त त्याच यंत्राच्या आत गळकी बॅटरी तशीच नसावी.

फीतवाचक

फ्लॉपीचे काम माझ्याकडे आले असे समजून लिहितो. येथे सर्वांत मोठा गैरसमज असा आहे की आधुनिक संगणकाला जुना फ्लॉपी ड्राइव्ह जोडला की कोणतीही फ्लॉपी वाचता येईल. तसे होत नाही. कमोडोरचा १५४१ ड्राइव्ह बाहेरच्या ट्रॅकवर २१ सेक्टर लिहितो आणि आत जाताना ते १७ पर्यंत कमी करतो. ३५ ट्रॅक मिळून ६८३ ब्लॉक भरतात, म्हणजे साधारण १७० किलोबाइट. त्याची संकेतपद्धतही पीसीच्या पद्धतीहून वेगळी आहे. अमिगा एकेक ट्रॅक सलग लिहिते आणि म्हणूनच पीसीच्याच ३.५ इंची फ्लॉपीवर ८८० किलोबाइट बसवते. पीसीच्या फ्लॉपी-नियंत्रकाला यांतले काहीच उमगत नाही.

यावरचा मार्ग म्हणजे बिट न वाचता चुंबकीय बदलांमधील कालांतरेच नोंदवणे. ग्रीझवीझल आणि क्रायोफ्लक्स ही साधने नेमके हेच करतात. ड्राइव्हच्या मुंडीखालून गेलेला प्रत्येक चुंबकीय पालट किती वेळाने आला हे ती टिपून ठेवतात, आणि त्याचा अर्थ नंतर सवडीने लावता येतो. जुन्या गेमांच्या मूळ फ्लॉपींवर नक्कल रोखण्यासाठी मुद्दाम कमकुवत बिट किंवा नेहमीपेक्षा लांब ट्रॅक लिहिलेले असतात. साध्या नकलेत ते हरवतात, या नोंदीत ते राहतात. वाचण्यापूर्वी फ्लॉपी लेखनबंद करावी, तिची खिडकी सरकवून तबकडी उजेडात तिरकी धरून पाहावी, आणि पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी समजून आधी साफ करावी. तशीच फिरवली तर बुरशी मुंडीला चिकटते, मुंडी फ्लॉपीवर वर्तुळाकार ओरखडा काढते, आणि पुढच्या फ्लॉपीचीही तीच गत होते. एका संशयित फ्लॉपीनंतर मुंडी अल्कोहोलने पुसल्याखेरीज दुसरी घालू नये.

स्पेक्ट्रमच्या कॅसेटींसाठी एवढेच : गेम चढत नसेल तर आवाज वाढवण्याआधी प्लेअरच्या मुंडीचा कोन तपासावा. मुंडीशेजारचा छोटा स्क्रू अगदी थोडा फिरवून आवाज सर्वांत कर्कश येईल तिथे थांबावे.

काचनळी

चित्राविषयीही दोन शब्द हवेत. जुने कन्सोल सहसा २४० ओळींचे चित्र देतात, आणि अनेक सपाट टीव्ही त्याला ४८० ओळींचे, एकाआड एक ओळींचे चित्र समजून जुळवाजुळव करू लागतात. परिणामी दर फ्रेमला लुकलुकणारी सावली किंवा मार लागलेले पात्र पडद्यावरून नाहीसेच होऊ शकते. ओएसएससीसारखे, चित्राच्या ओळी पटीत वाढवून देणारे उपकरण मध्ये लावले की हे टळते. प्रकाशबंदुकीला मात्र पिक्चर ट्यूबच लागते. डक हंटमध्ये घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतला संवेदक तो उजेड त्याच क्षणी शोधतो, आणि सपाट पडद्याचा उशीर त्याला चालत नाही.

मात्र पिक्चर ट्यूबचा टीव्ही किंवा मॉनिटर उघडण्याआधी थांबावे. रंगीत ट्यूबच्या ॲनोडवर २० हजार व्होल्टहून अधिक दाब असतो आणि वीज काढल्यानंतरही तो भार टिकून राहू शकतो. जाणकार व्यक्तीने समोर दाखवून शिकवल्याशिवाय हे काम लेख वाचून करू नये, अगदी या धाग्यावरचा लेखही.

पिनक्रमांक_चार

एमुलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्राम) आणि मिस्टरसारखे एफपीजीए प्रकल्प (हीच नक्कल हवी तशी जुळवता येणाऱ्या चिपेत करणारे) इतके अचूक झाले असताना मूळ यंत्रांचा एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी तरी विचारणारच, म्हणून आधीच विचारून टाकते.

फेराइट

खेळण्यापुरता प्रश्न असेल तर खटाटोपाची गरज नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण एमुलेटरची अचूकता कशाशी ताडून पाहायची? कमोडोर ६४ मधील एसआयडी ही ध्वनी-चिप घ्या. तिचे फिल्टर ॲनालॉग आहेत आणि एकाच क्रमांकाच्या दोन चिपांचा आवाजही कानाला वेगळा लागतो. एमुलेटर लिहिणाऱ्यांना असे वर्तन मोजण्यासाठी चालू स्थितीतील चिपाच लागतात. त्यामुळे ही दोन कामे एकमेकांची स्पर्धक आहेत असे मला वाटत नाही.

मूळपणाविषयी एक सूचना : काढलेला प्रत्येक भाग, अगदी फुटका कपॅसिटरसुद्धा, छोट्या पिशवीत घालून त्यावर तारीख आणि बोर्डावरची जागा लिहून ठेवावी. पुढच्या मालकाला काय मूळचे आणि काय बदललेले हे कळण्याचा दुसरा विश्वासार्ह मार्ग नाही.

नवशिक्या

अतिशय उपयुक्त चर्चा. माझ्याकडे आलेल्या कमोडोर ६४ मधून चालू केल्यावर केवळ काळा पडदा येतो. दिवा लागतो. आपल्या सांगण्याप्रमाणे अडॅप्टर नवा घेतला आहे आणि मीटरवर ५ व्होल्ट बरोबर येतात. आता सर्व चिपा बदलाव्या लागतील का?

गंजलेला_बोर्ड

एकही चिप एवढ्यात काढू नका. सॉकेटमध्ये बसलेल्या चिपा यंत्र तापून थंड होताना वर्षानुवर्षे किंचित वर सरकतात, म्हणून वीज काढून, धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा आणि त्या प्रत्येक चिपेला दोन्ही टोकांवर समान दाब देत खाली बसवा. तरीही पडदा काळाच राहिला तर वीज जोडून दोन-तीन मिनिटांनी मेमरीच्या चिपांवर बोट टेकवून पाहा. शेजारणींपेक्षा स्पष्टपणे गरम असलेली चिप संशयित. कोणतीच तशी लागली नाही, तर या यंत्रात वारंवार जाणारी पीएलए ही चिप पुढची संशयित ठरते. मात्र ती विकत घेण्यापूर्वी ‘डेड टेस्ट’ हे तपासणीचे कार्ट्रिज मिळवा. मेमरी खराब असेल तर ते पडदा ठरावीक वेळा झळकवते आणि त्या संख्येवरून नेमकी कोणती चिप गेली हे कळते. झळका मोजून, बोर्डावर छापलेल्या क्रमांकासह येथे लिहा. बोर्डाच्या आवृत्तीनुसार चिपांच्या जागा बदलतात, त्यामुळे तो क्रमांक नसेल तर सांगता येणार नाही.